क्रम बदलू नये

माझं कुणाशी भांडण नाही. बँकेत बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला भांडण परवडतच नाही. भांडायचं ते बाहेरच्यानं. आतल्यानं चेहऱ्यावर दुःख आणून ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच म्हणायचं. पण गेल्या भाऊबीजेला मी भांडलो. तेही सख्ख्या भाच्याशी, भरल्या ताटावर, आणि दोन बाणांवरून.

हे बाण धनुष्याचे नव्हेत. मोबाइलवर गाणी लावली की खाली कोपऱ्यात एकमेकांना काट मारून जाणारे दोन चिमुकले बाण दिसतात, ते. त्यांच्यावर बोट ठेवलं की आतली गाणी पत्त्यांसारखी पिसली जातात आणि कुठलंही गाणं कुठंही येतं. याला शफल म्हणतात. माझ्या मते रामायणातल्या बाणांनी जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं या दोन बाणांनी केलंय, आणि ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. ज्यांना पिसलेली गाणी आवडतात त्यांनी लेखाचे परिच्छेद खालीवर करून वाचायला हरकत नाही.

झालं ते असं. अक्काचं सासर औंढ्याच्या पुढं. भाऊबीजेला मी जिंतूरहून एसटीनं जातो (आमच्या जिंतूरला रेल्वे नाही, त्यामुळे आमच्या आयुष्यात जे काही येतं-जातं ते एसटीनंच). भाचा पुण्याहून आलेला. तो पुण्यात कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. नेमकं काय, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. ‘ते आपलं कॉम्प्युटरचं’ म्हणून ती विषय मिटवते. तर या चिरंजीवांनी आईला भाऊबीजेची भेट म्हणून तिची जुनी कॅसेट मोबाइलवर उतरवून आणली होती. 1995 साली लग्नाच्या आदल्या वर्षी अक्कानं भरून घेतलेली कॅसेट! सगळ्यांचे डोळे पाणावले. भाच्यानं डबीएवढा स्पीकर टेबलावर ठेवला, बोट दाबलं, आणि पहिलंच गाणं लागलं ते ‘बंदिनी’तलं. मी हातातली करंजी ताटात ठेवली.

“अरे, हे शेवटचं आहे,” मी म्हणालो.

“शफलवर आहे मामा. काय फरक पडतो? गाणी तीच आहेत.”

इथं ठिणगी पडली.

आता ज्यांचा जन्म कॅसेट गेल्यावर झाला त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. फिलिप्स कंपनीनं 1963 साली काढलेली ही वस्तू. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे दोन बाजू, प्रत्येकी तीस मिनिटं. फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगानं सरकते. म्हणजे एका बाजूला साधारण 86 मीटर. (कॉमर्सचा पदवीधर आहे, हिशेब केल्याशिवाय गाणंसुद्धा ऐकवत नाही.) या शहाऐंशी मीटरांत सहा-सात गाणी बसायची. आमच्या स्टँडजवळ एक कॅसेट भरून देणारं दुकान होतं. आपण चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायची, पस्तीस रुपये द्यायचे, आणि चार दिवसांनी जायचं. कायद्याच्या दृष्टीनं ही सरळसरळ चोरी होती, हे मी मान्य करतो. पण चिठ्ठी चोरीची नव्हती. चिठ्ठी ज्याची त्याची असायची, आणि माझं सगळं म्हणणं त्या चिठ्ठीबद्दलच आहे.

घरात ही एकच भरलेली कॅसेट. त्यामुळे तिचा क्रम मला पाढ्यासारखा पाठ होता. पण पाढ्याचा अर्थ कोण विचारतो? एकोणतीस सत्ते दोनशे तीन म्हणताना डोळ्यांपुढं सात रांगांत एकोणतीस माणसं उभी राहत नाहीत. ही बारा गाणी मी पंधराव्या वर्षापासून ऐकली ती अशीच. भाच्यानं ती पिसली, आणि पाढा चुकला की कान टवकारतात तसे माझे कान टवकारले. आधी ‘बंदिनी’, मग ‘इजाजत’, मग ‘घरौंदा’, आणि अगदी शेवटी ‘उंबरठा’. म्हणजे घर सोडायच्या आधीच बाईला माहेरची आठवण, ओळख व्हायच्या आधीच ती पुरुषाकडं आपलं सामान परत मागतेय, सगळं मोडल्यावर दोघं मिळून मुंबईत जागा बघत हिंडतायत, आणि अखेरीस ती घराबाहेर पाऊल टाकते! हे काहीतरी उलटं आहे, असं वाटलं. आणि उलटं वाटलं म्हणजे याला सुलटं असणार, हे तीस वर्षांत पहिल्यांदा डोक्यात आलं.

सुलटं असं होतं. पहिल्या बाजूला आरंभी ‘उंबरठा’ (1982), म्हणजे घर सोडून कामाला निघालेली बाई. तिसरं ‘गाइड’ (1965), पायातलं सगळं तोडून मोकळी झालेली. सहावं ‘घरौंदा’ (1977), परक्या शहरात दोघंजण डोक्यावरचं छप्पर शोधतायत. इथं बाजू संपते. कॅसेट काढायची, उलटायची, पुन्हा घालायची. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच ‘अभिमान’ (1973), नवराबायकोत पडलेली मिठाची चिमूट. मग ‘इजाजत’ (1987), आशाबाईंच्या आवाजातला सामानाचा हिशेब. आणि बारावं ‘बंदिनी’ (1963), तुरुंगात दळण दळणाऱ्या बायका, आणि त्यातली एक बापाला सांगतेय की श्रावणात भावाला मला न्यायला पाठव.

ही बारा सुटी गाणी नव्हेत. ही एका मुलीची गोष्ट आहे. ती मुलगी अक्का नव्हे. अक्का कधी मुंबईला गेली नाही, तिचा संसार दृष्ट लागण्यासारखा आहे आणि भावजींना भांडायचा कंटाळा आहे. ही अक्कानं रचलेली मुलगी. कादंबरीत असते तशी.

सोमवारी बँकेत मी हे आमच्या हेडकॅशियरना सांगितलं. त्यांनी नोटांची गड्डी मोजून होईपर्यंत मला थांबवलं आणि म्हणाले, “आवाज आशाबाईंचा, चाल बर्मनदांची, शब्द शैलेंद्रचे. यात तुमच्या अक्काचं काय? चिठ्ठी?”

होय. चिठ्ठी!

हेडकॅशियरसाहेब, तुमच्यामाझ्या हातून रोज दीडदोनशे पासबुकं जातात. पासबुकातला आकडा कोण बनवतो? आकडे सगळे सरकारी, शून्य ते नऊ, कुणाच्या बापाचे नाहीत. पण चार पानं उलटा, एका माणसाची गोष्ट दिसते. कापसाचे पैसे जमा. दुसऱ्या दिवशी सोसायटीचा हप्ता वजा. मग थोडे थोडे काढलेले, किराणा असणार. मग एकदम मोठी रक्कम एकाच दिवसात दोनदा, म्हणजे दवाखाना. त्यानंतर सहा महिने पान कोरं. आणि मग खात्याला वारस. आता याच नोंदी पिसून टाका. शेवटची शिल्लक? तीच. एका पैशाचा फरक नाही. ऑडिटरही हरकत घेणार नाही, कारण बेरीज जुळली की ऑडिटर सुखी. पण माणूस गेला की हो त्यातून! माणूस नोंदींत नव्हता, नोंदींच्या क्रमात होता. आपल्या बापजाद्यांनी रोजकीर्द तारखेनं लिहायला सांगितली ती उगाच नाही. ‘काय फरक पडतो, गाणी तीच आहेत’ म्हणणारे लोक फक्त शिल्लक बघणारे आहेत.

हेडकॅशियर म्हणाले, “बरं, बरं. टोकन नंबर सत्तेचाळीस!”

भाचा मात्र एवढ्यानं ऐकणारा नव्हता. त्याच्या अंगावर विटांच्या भिंतीचं चित्र असलेला बनियनसारखा शर्ट होता. भाऊबीजेलाच त्यानं मला समजावलं होतं की गाण्यांतून गोष्ट सांगणं हे प्रकरण वेगळं असतं, त्याला कॉन्सेप्ट अल्बम म्हणतात, ते रॉकवाल्यांनी काढलं. ‘द हू’ या टोळीनं 1969 साली ‘टॉमी’ काढला, त्यात एका मुक्या-बहिऱ्या-आंधळ्या पोराची कथा. पिंक फ्लॉइडनं 1979 साली ‘द वॉल’ काढला. दोन तबकड्या, 26 गाणी, पिंक नावाचा गवई. बाप लढाईत गेला ही एक वीट, आईनं पदराखाली कोंडलं ही एक, मास्तरनं हिणवलं ही एक, असं करत पोरगं स्वतःभोवती भिंत बांधतं. अल्बमच्या अगदी शेवटी अर्धं वाक्य येतं आणि तुटतं. त्याचं उरलेलं अर्धं सुरुवातीला असतं. म्हणजे संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

कथा मला आवडली. आमच्या बँकेतही बरेच लोक विटाच लावतायत. पण मी म्हणालो, “बाळा, ‘टॉमी’च्या आधी चौदा वर्षं, 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुण्याच्या आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांची 56 गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला एक, वर्षभर. आणि फिरून आरंभाला येणं म्हणशील, तर तिथं पहिल्याच गाण्यात कुशलव रामापुढं उभे राहून गातायत, आणि शेवटच्यात वाल्मीकी त्यांना कसं गायचं ते सांगून धाडतायत. वर्तुळ पुरं! तुझ्या रॉकवाल्यांत आणि आमच्यात बरोबर एका वनवासाचं अंतर आहे.”

“पण ती गाणी गोष्टीसाठीच लिहिली होती, मामा. आईनं दुसऱ्यांची गाणी घेतली.”

मुद्दा बिनतोड होता. पोरगं हुशार आहे, मामावर गेलंय. पण मी जिंतूरचा आहे, पुण्याचा नाही, त्यामुळे मला उत्तर देवळात सापडलं. नारदीय कीर्तन ऐकलंय ना? बुवा उभे राहतात. अभंग तुकोबांचा, श्लोक वामनपंडितांचा, आर्या मोरोपंतांची, कटाव अमृतरायांचा. मध्येच आमच्या गंगाखेडच्या जनाबाईचं एखादं पद. शंभर-दोनशे वर्षांच्या अंतरानं जन्मलेली माणसं, बुवा त्यांना एका रांगेत उभं करतात आणि त्यातून सुदाम्याची किंवा द्रौपदीची गोष्ट उभी राहते. त्यालाही दोन बाजू असतात, पूर्वरंग आणि उत्तररंग. मध्ये बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. आपण कॅसेट उलटतो. इतक्या वर्षांत कुणी उठून म्हणालंय का की बुवा, आर्या पंतांची आहे, यात तुमचं काय? आणि द्रौपदीला वस्त्रं मिळाल्यावर द्यूत सुरू केलं, तर आमच्या गावात बुवांना बिदागी नव्हे, प्रसाद मिळेल.

गोऱ्या लोकांनाही हे कळतं बरं का. ‘द वॉल’वाल्या पिंक फ्लॉइडनं रेकॉर्ड कंपनीला लंडनच्या हायकोर्टात खेचलं होतं. आमची गाणी सुटी सुटी विकू नका, असं करारात आहे, म्हणून. 2010 साली कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. (पुढच्याच वर्षी तडजोड होऊन सुटी गाणी विकायला लागली, पण तत्त्वाचं असंच असतं. ते कोर्टात जिंकतं आणि घरी येऊन तडजोड करतं.) 2021 साली अडेल नावाच्या गायिकेनं सांगितलं की आम्ही क्रम विचार करून लावतो, तेव्हा स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरून शफलला पहिल्या मानाच्या जागेवरून उठवलं. म्हणजे अडेलनं सांगितलं की कंपनी ऐकते. आमच्या अक्कानं सांगितलं तर तिचा मुलगाही ऐकत नाही.

कारण अक्कानं सांगितलं होतं. तेच तर!

भाऊबीजेला भांडण विकोपाला गेलं तेव्हा मी मूळ कॅसेट मागितली. डबीतल्या पुठ्ठ्याच्या मागं घडी घातलेला वहीचा कागद होता. दुकानदारानं काम झाल्यावर परत कोंबलेली चिठ्ठी. अक्काचं अक्षर, आकडे घालून बारा ओळी. आणि खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: ‘क्रम बदलू नये. शेवटी जागा उरेल, त्यात काही भरू नये.’

कॅसेट भरणारे शेवटी उरलेल्या दोन-तीन मिनिटांत कुठलं तरी उडतं गाणं ठोकून देत. गिऱ्हाइकाला वाटे, अर्धं गाणं फुकट मिळालं. अक्कानं ते नाकारलं होतं. फुकटचं अर्धं गाणं नाकारणारी बाई मी परभणी जिल्ह्यात दुसरी बघितली नाही. त्या शेवटच्या मोकळ्या फितीवर नुसती खरखर होती. जात्यावर बसलेली ती बाई भावाला बोलावते, आणि मग तीन मिनिटं खरखर. भाऊ येतो की नाही? माहीत नाही.

मी भाच्याला विचारलं, ती खरखर कुठाय?

“ती कापली, मामा. काहीच नव्हतं त्यात.”

वाचकहो, मी ओरडलो. बावीस वर्षांत काउंटरवर ओरडलो नाही तेवढा ओरडलो. अहो, कादंबरीचं शेवटचं प्रकरण कापलं त्यानं, आणि वर म्हणतो काही नव्हतं त्यात!

मी अक्काकडं वळलो. म्हणालो, ही गोष्टच आहे ना? तू रचलीस ना?

“कशाची गोष्ट अन् कशाचं काय!” अक्का म्हणाली. “आवडली ती गाणी भरली बाबा.”

“मग शेवटी मोकळं कामून ठेवलंस?”

“टेपला दम खाऊ द्यावा की जरा. तू खा आधी. करंजी मऊ पडायली.”

लेखिकेनंच हात वर केले म्हणून समीक्षकानं माघार घ्यावी असा काही नियम नाही. आणि मला तिचं म्हणणं का पटत नाही तेही सांगतो. अक्काला निबंधात दहापैकी चार मिळायचे. लिहायला वही घेतली असती, तर ती वही आधी आईनं वाचली असती, मग आत्यानं, आणि मग वडिलांसमोर तिचं जाहीर वाचन झालं असतं: ‘घर सोडून जाणारी मुलगी हिला कुठून सुचली?’ लग्नाच्या मुलीची वही तपासायचा अधिकार तेव्हा सगळ्या गल्लीला होता. कॅसेटची झडती मात्र कुणी घेत नसे. ‘पोरगी गाणी ऐकतेय’ एवढंच. बाराही गाणी वडिलांसमोर, आत्यासमोर वाजली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गोष्ट कुणालाच कळली नाही. ज्याला लिहायची मुभा नाही त्याच्या हातात काय उरतं? दुसऱ्यांच्या वस्तू, आणि त्या कुठल्या पाठोपाठ कुठली ठेवायची एवढी मोकळीक. तेवढीच त्याची लेखणी. म्हणून माझं भांडण त्या दोन बाणांशी आहे. लग्नाच्या वरातीत, दाढी करताना, प्रवासात तुम्ही हवी तेवढी गाणी पिसा. पण कुणी हातानं एकाखाली एक लिहून दिलेली यादी पिसू नका. त्या यादीत त्या माणसानं स्वतःचं असं एकच काही घातलेलं असतं, आणि नेमकं तेच पिसताना सांडतं.

एक नोंद राहिली. जमाखर्च लिहिणाऱ्यानं स्वतःच्या नावे पडणारी रक्कम लपवू नये.

अक्काचं लग्न 1996 साली झालं. पहिली पंचमी आली. नव्या मुलीला पंचमीला माहेरी आणायला मुराळी जावा लागतो, आणि मुराळी म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे मी. वय सोळा. आईनं दशम्या बांधल्या, वडिलांनी एसटीचे पैसे दिले. मी ते पैसे घेऊन मित्रांबरोबर येलदरीचं धरण बघायला गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा कळलं की वडील दुखऱ्या गुडघ्यानं स्वतः गेले. दुसऱ्या दिवशी अक्का आली, मला एक शब्द बोलली नाही, उलट सासरहून आणलेली चिक्की दिली. मी ती खाल्ली. तिची कॅसेट तेव्हा कोनाड्यातच होती, आणि मी ती त्याही आठवड्यात शेवटपर्यंत ऐकली असणार. खरखरीसकट.

यंदा पंचमीला मी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मुराळी म्हणून जाणे’. मॅनेजर नागपूरकडचे, त्यांनी विचारलं, ही बँकेची परीक्षा आहे का? मी होय म्हणालो. खोटं नव्हतं.

अक्कानं दार उघडलं. वय पन्नास, चष्मा कपाळावर, हाताला पीठ. “तू? आज कामून आलास? फोन तरी करायचा.”

“न्यायला आलोय,” मी म्हणालो.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. किती वेळ ते मोजलं नाही. माझ्यासारख्यानं मोजलं नाही म्हणजे बघा. मग म्हणाली, “थांब. दळण गिरणीत हाय, तेवढं आणून घेते.”

भाच्यानं पुण्यात बसून गाणी पुन्हा ओळीनं लावलीत, आणि शेवटी खरखरही जोडून दिलीय. मात्र त्यानं मला कळवलंय की ते ॲप खरखर आली की आपोआप दुसरंच कुठलं तरी गाणं सुरू करतं, ते थांबवणं त्याच्या हातात नाही.

बघतो. फार झालं तर हायकोर्टात जाईन.